ऑनलाइन आरपीजी (रोल-प्लेइंग गेम): बटण दाबलं तरी कॅरेक्टर ऐकत नाही, हे कुठवर सहन करायचं?

ढालवाला:
मी टँक खेळतो, म्हणजे पार्टीसाठी बॉसचा मार अंगावर घेणारा. बॉसचा मोठा फटका येणार असतो, मी ढालीचं बटण दाबतो, आयकॉन चमकतो, आवाज येतो, कॅरेक्टर हात वर पण करतं आणि पुढच्या क्षणाला आडवं. नंतर कॉम्बॅट लॉग (लढाईची नोंद) उघडून बघावं तर त्यात ढालीचं नावच नाही. म्हणजे माझ्या स्क्रीनने मला सांगितलं की झालं काम, आणि सर्व्हरच्या मते मी काही केलंच नव्हतं. मग पार्टीतले लोक विचारतात अरे कूलडाऊन (एकदा वापरलं की काही वेळ थांबावं लागणारं स्किल) का नाही वापरलास, आता त्यांना काय सांगू.

गेमचं नाव घेत नाही कारण हा प्रकार मी थोडाफार फरकाने बऱ्याच ठिकाणी बघितलाय. अवघड बॉसबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट त्यासाठीच तर खेळतो, दहादा वाइप झालं (सगळी पार्टी मेली) तरी चालतं पण का मेलो ते कळलं पाहिजे ना. स्किल निघालं नाही तर का नाही निघालं, रेंज कमी पडली, मॅना (स्किलला लागणारी ऊर्जा) नव्हता, आधीचं ऍनिमेशन चालू होतं की नेटने मार खाल्ला, काहीतरी एक सांगा की. बहुतेक गेम लाल अक्षरात 'आत्ता करता येणार नाही' एवढंच टाकतात आणि गप्प बसतात.

अजून एक, डिफॉल्ट की, म्हणजे गेमने आधीच ठरवून दिलेली बटणं. आजही कितीतरी गेममध्ये ए आणि डी दाबलं की कॅरेक्टर जागच्या जागी गोल फिरतं, बाजूला सरकत नाही. सरकायला क्यू आणि ई. आणि एस दाबलं तर मागे मागे रांगत जातं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये पुढे पळायचा वेग सेकंदाला 7 यार्ड आणि मागे जायचा 4.5, म्हणजे आगीतून मागे यायला एस दाबणारा नवीन माणूस भाजणारच. आणि हे त्याला कुणी सांगत नाही, जुने लोक फक्त हिणवतात.

तुमचे अनुभव टाका. ग्राफिक्स आणि स्टोरीवर दुसरे धागे आहेत, इथे फक्त कंट्रोल आणि डिझाइन.

निळी_शाई:
अगदी मनातलं बोललास दादा. मी हीलर (पार्टीतल्यांना बरं करणारी) आहे तर माझ्या बाजूने सांगते.

हीलरचं अर्धं डोकं टार्गेट बदलण्यात जातं. टँकला हील देतेय, मधेच मागे कुणीतरी मरायला टेकलं, त्याच्या फ्रेमवर (नाव आणि हेल्थच्या पट्टीवर) क्लिक करायचं, हील टाकायचं, परत टँकवर यायचं, आणि या गडबडीत क्लिक चुकून जमिनीवर पडला की टार्गेटच गेलं आणि हील मला स्वतःलाच. माउसओव्हर कास्टिंग, म्हणजे ज्याच्यावर कर्सर आहे त्याला हील, ही सोय प्रत्येक गेममध्ये पहिल्या दिवसापासून असायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. वॉरक्राफ्टमध्ये लोकांनी वर्षानुवर्षं हे मॅक्रो (छोट्या कमांड) लिहून आणि ऍडऑन (गेमला बाहेरून लावायची जोड) टाकून चालवलं, गेमच्याच सेटिंगमध्ये ते फार उशिरा आलं.

आणि टॅब टार्गेट, म्हणजे टॅब दाबून शत्रू निवडणं!! समोर पाच मॉब (गेमचे शत्रू) उभे आहेत, टॅब दाबलं की सिलेक्ट कोण होतो तर पार तिकडे भिंतीपलीकडे उभा असलेला सहावा. एक स्किल गेलं की तो त्याची सगळी फौज घेऊन आला. जवळचा आधी, समोरचा आधी, आणि जो आपल्याशी लढतोय तो सगळ्यात आधी, एवढा साधा क्रम लावायला काय हरकत आहे?

चॅटबॉक्सचं पण लिहून ठेवते. लढाईच्या मधे एंटरला बोट लागलं की पुढची सगळी स्किल्स चॅटमध्ये, 'आरआर2233एफ' असं काहीतरी अख्ख्या रेडला (बॉसवर एकत्र गेलेल्या मोठ्या गटाला) दिसतं आणि तोवर टँक गेलेला असतो. लढाई चालू असताना चॅट उघडायचं बटण वेगळं ठेवता आलं पाहिजे.

कोडवाला:
मी नेटवर्किंगमध्ये काम करतो, गेम कंपनीत नाही, पण यातला तांत्रिक भाग सांगू शकतो. थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे सर्व्हर सतत बघत नसतो, ठरावीक ठोक्याला बघतो, त्याला टिक म्हणतात. रूनस्केपचा टिक 0.6 सेकंदाचा आहे, ईव्ह ऑनलाइनचा 1 सेकंदाचा. दोन ठोक्यांच्या मधे तुम्ही काहीही दाबा, ते पुढच्या ठोक्यालाच धरलं जातं. त्यात पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, आलं. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, तर सर्व्हर 10 हजार किलोमीटरवर असेल तर जाऊन यायलाच कमीत कमी 100 मिलिसेकंद, आणि हे सरळ रेषेत वायर असेल आणि मधे एकही राउटर नसेल तर. प्रत्यक्षात दीडपट दुप्पट धरून चाला. यावर कुठल्याही कंपनीचा इलाज नाही, जवळ सर्व्हर टाकणं सोडून.

दुसरं, ढालवाला म्हणतोय तो प्रकार. बटण दाबल्यावर सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता तुमचा क्लायंट (तुमच्या मशीनवरचा गेम) ऍनिमेशन लगेच चालू करतो कारण नाहीतर गेम जड वाटेल. नंतर सर्व्हर म्हणाला नाही जमत, तर क्लायंट गुपचूप मागे घेतो. त्यामुळे हात वर झालेला दिसतो आणि लॉगमध्ये काही नसतं.

तिसरं, आगीच्या वर्तुळातून बाहेर येऊनही मार लागतो ते. फायनल फॅन्टसी 14 मध्ये बॉसची कास्टबार (हल्ला तयार होताना भरत जाणारी पट्टी) जिथे संपते त्या क्षणी सर्व्हर ठरवून टाकतो कोण आत आणि कोण बाहेर. स्फोट दिसतो त्यानंतर. म्हणजे स्फोट होताना तुम्ही बाहेर उभे असाल तरी मार लागू शकतो आणि उलट, कास्टबार संपताना बाहेर असाल तर स्फोट होताना आत चालत गेलात तरी काही होत नाही. जुन्या खेळाडूंना हे माहीत असतं, ते वर्तुळ बघत नाहीत, बार बघतात. नवीन माणूस स्फोट बघून उडी मारतो आणि मरतो.

क्लायंटवर सगळं का सोडत नाहीत असं विचाराल तर चीटिंग. 2021 मध्ये न्यू वर्ल्डमध्ये गेमची विंडो माउसने धरून हलवत राहिलं की कॅरेक्टरला डॅमेजच लागत नव्हता, लोकांनी त्याचा पीव्हीपीत (खेळाडू विरुद्ध खेळाडू लढाईत) फायदा उठवला आणि मग घाईघाईने दुरुस्ती करावी लागली. सर्व्हर सैल सोडला की असं होतं.

ढालवाला:
@कोडवाला भाऊ, मस्त समजावलंत, कास्टबारचं तर मला कितीतरी उशिरा कुणीतरी सांगितलं होतं. पण माझा मुद्दा तिथेच आहे. पिंग राहणार, टिक राहणार, मान्य. मग सर्व्हरने नाही म्हटल्यावर क्लायंट गुपचूप मागे का घेतो? आयकॉनवर एक लाल फुली मारा, वेगळा आवाज काढा, मी अर्ध्या सेकंदात परत दाबीन. आणि स्फोट कास्टबारशी जुळवून दाखवणं हे फिजिक्स नाही हो, तो त्यांचा निर्णय आहे.

कोडवाला:
फुलीबद्दल सहमत, ते सहज करता येतं. स्फोटाचं तितकं सोपं नाही, प्रत्येकाचं पिंग वेगळं असल्याने एकाला जुळलेलं दुसऱ्याला जुळणार नाही. पण अजून एक गोष्ट करता येते आणि काही ठिकाणी केलेली आहे, रांग. वॉरक्राफ्टमध्ये आधीचं स्किल संपायच्या शेवटच्या 400 मिलिसेकंदात पुढचं दाबलं तर ते टाकून न देता रांगेत ठेवतात आणि वेळ झाली की सोडतात. हा आकडा बदलता पण येतो. ज्या गेममध्ये ही रांग नाही तिथे माणूस एकच बटण सात-आठ वेळा बडवत बसतो, बोटं दुखतात आणि वर लय बिघडते ती वेगळीच.

जुना_खेळगडी:
तरुण मंडळी पिंगवर बोलतायत, मी डिझाइनवर बोलतो. आमच्या वेळेला एव्हरक्वेस्ट वगैरेत अर्धा वेळ मॅना भरायला बसून राहण्यात जायचा, तेव्हा आजचे गेम सरळच आहेत असं मी म्हणेन. पण एक गोष्ट मला कधीच पटली नाही, हातात बसलेला गेम मधूनच उपटून दुसराच हातात देणं.

स्टार वॉर्स गॅलक्सीज आठवतंय का कुणाला? एप्रिल 2005 मध्ये लढाईची पद्धत बदलली, लोक कसेबसे रुळतायत तोवर नोव्हेंबरमध्ये पुन्हा सगळं उलथंपालथं. तीसच्या वर प्रोफेशन होते त्यांचे नऊ करून टाकले, आणि सावकाश विचार करून खेळायच्या गेमचा नेम धरून क्लिक करायचा शूटर केला. ज्यांनी एकेक कौशल्य जोडत स्वतःचं कॅरेक्टर घडवलं होतं, कुणी जनावरं पाळणारा, कुणी बायो-इंजिनिअर, त्यांचा धंदाच नाहीसा झाला. गिल्डच्या गिल्ड (खेळाडूंचे कायमचे गट) ओस पडल्या. 2011 च्या डिसेंबरमध्ये गेम बंद झाला.

त्यातून धडा घ्यावा ना, तर 2012 मध्ये रूनस्केपने तेच केलं. क्लिक करा आणि लढाई होईल अशा गेमवर ऍक्शन बार (स्किलच्या बटणांची पट्टी) आणि कूलडाऊन लादले. इतके लोक सोडून गेले की 2013 च्या फेब्रुवारीत 2007 ची जुनी आवृत्ती वेगळ्या सर्व्हरवर परत आणावी लागली, तीच आजची ओल्ड स्कूल. तिथे कुठलाही मोठा बदल करायचा तर खेळाडूंचं मतदान होतं आणि साधं बहुमत चालत नाही, आधी 75 टक्के लागायचे, नंतर 70 केले. माझ्या मते हे सगळ्याच कंपन्यांनी करायला हवं. लोकांच्या बोटांना जे सवयीचं झालंय त्यावर लोकांचा पण हक्क आहे.

गवतातला_बाण:
काका तुमचं बरोबर आहे पण बदलच करू नका असं म्हटलं तर फायनल फॅन्टसी 14 आज नसतं. 2010 ची पहिली आवृत्ती मेनूत मेनू, साधा माउस पण मागून यायचा, एखादी वस्तू विकायची तर विचारू नका. त्यांनी डिसेंबर 2010 मध्ये नाओकी योशिदाकडे काम दिलं, 2012 च्या नोव्हेंबरमध्ये सर्व्हर बंद केले आणि ऑगस्ट 2013 मध्ये अख्खा गेम नव्याने आणला. आणि गेमपॅडसाठी जे केलंय ना, एल2 धरला की आठ स्किल्स, आर2 धरला की दुसरी आठ, मी आता कीबोर्डला हातच लावत नाही. बदल करा पण खेळणाऱ्याला कळेल असा करा एवढंच.

जुना_खेळगडी:
तिथे गेम मोडलेलाच होता रे, म्हणून लोकांनी स्वीकारलं. चालू गाडीचं स्टिअरिंग बदलू नका एवढंच माझं म्हणणं.

अंगठाबहाद्दर:
मी मोबाइलवर खेळतो, इथे सगळे पीसीवाले दिसतायत म्हणून आमची पण व्यथा मांडतो. डावा अंगठा जॉयस्टिकवर उजवा स्किलवर, म्हणजे स्क्रीनचा खालचा बराच भाग आपल्याच हाताखाली झाकलेला आणि नेमका बॉसचा लाल पट्टा तिथून येतो. जॉयस्टिक एका जागी घट्ट नसते, अंगठा जरा घसरला की कॅरेक्टर थांबलं, वर काही भौतिक बटण नाही म्हणून अंगठा कुठे आहे ते बघायला खाली बघावं लागतं. कॅमेरा फिरवायला तिसरा हात आणायचा का?

यावर उपाय म्हणून त्यांनी काय केलं तर ऑटो. क्वेस्टवर टॅप करा, कॅरेक्टर स्वतःच चालत जाईल, स्वतःच लढेल, स्वतःच परत येईल. मला हे अजिबात आवडत नाही. कंट्रोल नीट बनवता आले नाहीत म्हणून खेळणंच काढून घेतलं असं वाटतं. आणि लढाई संपल्या संपल्या बरोबर जिथे अंगठा असतो तिथेच ऑफरचा पॉपअप उघडतो, 'घ्या' बटण बरोबर स्किलच्या जागी. तो योगायोग आहे असं मला कुणी सांगू नये.

मनगट_जपा:
हा धागा निघाला बरं झालं, मला बरेच दिवस हे कुठेतरी लिहायचं होतं. मला मनगटाचा जुना त्रास आहे, डॉक्टरांनी की-बोर्डचा मारा कमी करायला सांगितलाय. खेळणं सोडवत नाही कारण माझे मित्रमैत्रिणी सगळे तिथेच भेटतात.

माझ्यासारख्यांना काय लागतं ते सांगते. बटण धरून ठेवायच्या ऐवजी एकदा दाबलं की चालू आणि परत दाबलं की बंद. क्यूटीईमध्ये (स्क्रीनवर अचानक दिसेल ते बटण पटकन दाबायच्या प्रसंगात) एकच बटण धडाधड बडवायला लावणं बंद करा, त्याने कुणाचं कौशल्य सिद्ध होत नाही. गिल्ड वॉर्स 2 मला म्हणून जमतो, तिथे बारवर दहाच स्किल्स, पाच हातातल्या शस्त्राची, एक हील, तीन युटिलिटी, एक एलिट, आणि शस्त्र बदललं की पाच बदलतात. काही गेममध्ये तर तीस-तीस बटणं, शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट सगळ्यांबरोबर, कोण लक्षात ठेवणार आणि कुणाची बोटं पोचणार.

रंगांचं पण तेच. माझ्या भावाला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही आणि हिरव्या गवतावर लाल वर्तुळ ही तर सगळ्या गेमची आवडती जागा. त्याला रंग बदलून निळा-पिवळा करता आला तेव्हा तो पहिल्यांदा स्वतःहून आगीतून बाहेर आला, आधी आम्ही व्हॉइसवर ओरडून सांगायचो.

2025 मध्ये वॉरक्राफ्टमध्ये ते असिस्टेड कॉम्बॅट आलं, एकच बटण दाबत राहायचं आणि पुढचं योग्य स्किल गेम निवडतो, बदल्यात प्रत्येक स्किलमधे थोडा जास्त वेळ जातो. मला ते फार आवडलं. पण रेडमध्ये कुणाला कळलं की लोक नावं ठेवतात.

विजेचा_वेग:
ताई तुमच्या त्रासाबद्दल पूर्ण आदर आहे पण माझं मत वेगळं आहे ते मांडतो. कंट्रोल अवघड असणं हा पण खेळाचा भाग असू शकतो. ओल्ड स्कूलमध्ये 0.6 सेकंदाच्या ठोक्याला बरोबर प्रेअर (चालू असताना पॉइंट खाणारी, लढाईत मदत करणारी क्षमता) चालू-बंद करायची, पॉइंट वाचतात, ते शिकायला मला खूप वेळ लागला आणि जमलं तेव्हाचा आनंद वेगळाच. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये प्रत्येक स्किलच्या मधे एक साधा वार घुसवायचा, स्किलने वाराचं ऍनिमेशन कापलं जातं पण डॅमेज दोन्हींचा लागतो. हे कुणी मुद्दाम ठरवून केलेलं नव्हतं म्हणतात, लोकांनी शोधलं आणि तेच त्या गेमचं कौशल्य झालं. सगळं एका बटणावर आणलं तर मग मी कशात चांगला आहे?

मनगट_जपा:
@विजेचा_वेग, तू चांगला आहेस त्यात चांगलाच राहशील रे. एक बटण वापरणारी मी तुझ्यापेक्षा हळूच असते, त्यासाठी तर तो उशीर ठेवलाय. मी तुझी रँक मागत नाही, मला फक्त आत यायचंय. आणि तू म्हणतोस ते वारवालं तंत्र गेममध्ये कुठे शिकवतात का? बाहेर व्हिडिओ बघून शिकायचं. एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, यावर निम्मा डॅमेज ठरत असेल तर त्याला कौशल्य म्हणायला मी तयार नाही.

विजेचा_वेग:
गेममध्ये शिकवत नाहीत हे मान्य. ते शिकवायला पाहिजे. माझी हरकत फक्त काढून टाकण्याला आहे. आणि वेग कमी केला तर जाणवतो हो, 2018 मध्ये वॉरक्राफ्टने बरीचशी मोकळी स्किल्स ग्लोबल कूलडाऊनवर (एक दाबलं की बाकीची पण क्षणभर थांबतात) टाकली तेव्हा दोन गोष्टी एकदम दाबायची ज्याला सवय होती त्याचा हात रिकामा राहायला लागला. पुढच्या एक्स्पान्शनमध्ये (गेमच्या मोठ्या नव्या भागात) त्यातली काही परत मोकळी केली, म्हणजे त्यांना पण कळलं.

पिशवीभर_सामान:
माझी तक्रार बॅगेची. हा कंट्रोलचाच भाग आहे माझ्या मते. अर्धा तास डंजन आणि पाऊण तास सामान आवरणं. हे औषध, ते औषध, याचं पीस, त्याचं पीस, इव्हेंटचं नाणं जे आता कुठेच चालत नाही, आणि डिलीट करायचं तर इंग्रजीत अख्खा शब्द टाइप करा. आणि बॅग भरली की लूट जमिनीवर.

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये क्राफ्टिंगचं सगळं सामान एका अमर्याद बॅगेत आपोआप जातं, पण महिन्याची वर्गणी भरली तर. म्हणजे उपाय तयार आहे, बनवलेला आहे, चालतो पण, फक्त विकायला ठेवलाय. अडचण पण त्यांचीच आणि उपाय पण त्यांचाच. लूट बॉक्सवर (आत काय निघेल ते न कळता पैसे देऊन घ्यायची पेटी) बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने 2018 मध्ये बोट ठेवलं की हा जुगार आहे, त्यामुळे निदान चर्चा तरी झाली, या बॅगेच्या अडवणुकीवर कुणी बोलत नाही. मुद्दाम गैरसोय करून ठेवणं मला लॅगपेक्षा जास्त लागतं, लॅग कुणी मुद्दाम करत नाही.

निळी_शाई:
+1, बॅगेवर शंभर टक्के. आणि एकाच बटणावर दहा कामं हे पण लिहा. लूट उचलणं, एनपीसीशी (गेमने चालवलेल्या पात्राशी) बोलणं, दार उघडणं आणि मेलेल्या मित्राला उठवणं सगळं एकाच इंटरॅक्ट कीवर. मित्र नेमका पडलेल्या मॉबवर मेला की मी त्याला उठवायच्या ऐवजी त्याच्या शेजारी लूट गोळा करत बसते आणि बॉस येऊन दोघांना घेऊन जातो. उठवणं सगळ्यात वर ठेवा, बाकी नंतर.

ढालवाला:
खूप चांगले मुद्दे आले. सध्या आपल्या हातात काय आहे ते नवीन लोकांसाठी टाकतो. ए आणि डी वर बाजूला सरकणं टाका, फिरायला माउसचं उजवं बटण. एस वरून मागे जाणं काढूनच टाका आणि तिथे एखादं बचावाचं स्किल ठेवा, संकटात बोट आपोआप तिथे जातंच. कॅमेरा होईल तितका लांब करा, डिफॉल्टला तो पाठीला चिकटलेला असतो आणि पायाखालचं काही दिसत नाही. शत्रूची कास्टबार मोठी करून स्क्रीनच्या मधोमध आणा, कोडवाला भाऊंनी सांगितलं त्यासाठी. आणि इतरांचे स्पेल इफेक्ट कमी करायचं सेटिंग असेल तर करा, वीस जणांच्या रोषणाईत आग शोधणं अशक्य आहे.

@मनगट_जपा ताई, आमच्या गिल्डमध्ये एका बटणावर खेळणारे दोघं आहेत आणि त्यांना कुणी काही बोललं तर मी बघतो. यायचं असेल तर मेसेज करा.

मनगट_जपा:
केला मेसेज. आधी विचारते, आठवड्याच्या मधल्या दिवशी खेळता का? सलग दोन तासांवर माझा हात साथ देत नाही.

ढालवाला:
मधल्या दिवशीच असतो आणि दर बॉसनंतर ब्रेक घेतो. चालेल.

अंगठाबहाद्दर:
कुणी मोबाइलवर जॉयस्टिक एका जागी लॉक करायचं सेटिंग कुठे असतं ते सांगेल का, मी सगळे मेनू पालथे घातले.

गवतातला_बाण:
बऱ्याच गेममध्ये ते कंट्रोलमध्ये नसतं, 'इंटरफेस' किंवा 'डिस्प्ले' मध्ये लपवलेलं असतं, 'फिक्स्ड' नाहीतर 'स्थिर' नावाने. नाही सापडलं तर ब्लूटूथ गेमपॅड चालतो का बघ, आधी गेमच्या माहितीत वाच कारण काही गेम गेमपॅड जोडला तरी मेनूसाठी स्क्रीनलाच हात लावायला लावतात.